पठारावर गुहेची वाट कशी शोधावी: हरिश्चंद्रगडावर पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी

हरिश्चंद्रगडाचा चढ संपला की नवख्या माणसाला हायसं वाटतं. सपाटी आली, आता गुहा काय, दिसतीलच समोर. गफलत होते ती इथूनच. चढावर वाट बहुतेक एकच असते आणि सोडायची म्हटली तरी दोन्ही बाजूंचा उतार ती सोडू देत नाही. पठारावर मात्र कुठेही चालता येतं, म्हणून वाटाही चारी दिशांना फुटलेल्या असतात. त्यात गुहेचं तोंड कड्याच्या पोटात आणि आपण कड्याच्या माथ्यावर. लेण्याच्या अगदी वरून चालत जाऊनही खाली लेणं आहे याचा पत्ता लागत नाही, असं सह्याद्रीत नेहमी घडतं.

अहिल्यानगर जिल्ह्यातल्या अकोले तालुक्यात हा गड येतो. पुणे आणि ठाणे जिल्ह्यांच्या हद्दी त्याला येऊन टेकतात. माथ्याची उंची सुमारे १,४२५ मीटर आणि सगळा परिसर कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्याचा. वाट शोधायला शिकण्यासाठी याच्यासारखी दुसरी जागा नाही असं माझं ठाम मत आहे, कारण एकाच पठारावर सगळ्या तऱ्हेच्या गुहा सापडतात. हरिश्चंद्रेश्वर मंदिराच्या आवारात कोरलेल्या गुहा आहेत, ओढ्याकाठी केदारेश्वराची आहे, तारामती शिखराच्या पोटात लेण्यांची रांग आहे, आणि माणसाचा हात न लागलेल्या कपारी तर कितीतरी. इथे वाट वाचता आली की रतनगड असो किंवा नाणेघाटाचा परिसर, तीच नजर तिथेही उपयोगी पडते.

ही नजर म्हणजे काय, ते आधी सांगतो. पठारावर गेल्यावर गुहा शोधू नका, थर शोधा आणि पाणी शोधा. या दोन गोष्टी जिथे भेटतात तिथे गुहा असण्याची शक्यता सगळ्यात जास्त, आणि गुहा असेल तर तिथवर वाटही असतेच.

थर आणि पाणी

सह्याद्रीचा हा भाग लाव्हाच्या थरांवर थर साचून झालेला आहे. साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या सुमारास हे लाव्हाचे प्रवाह एकामागून एक वाहिले, थिजले आणि भाकरींच्या चळतीसारखे एकावर एक बसले. प्रत्येक थर वेगळा. काही घट्ट, काळाकभिन्न. काहींच्या वरच्या भागात वायूचे बुडबुडे अडकून खडक जाळीदार आणि ठिसूळ झालेला. दोन थरांच्या मध्ये कुठे कुठे लालसर मातकट पट्टा दिसतो. दोन प्रवाहांच्या मधल्या काळात वरचा पृष्ठभाग कुजून त्याची माती झाली, तोच हा पट्टा.

घट्ट थर सहजी झिजत नाही, त्याचा उभा कडा होतो. ठिसूळ थर झिजतो आणि आत खोल जातो. वर घट्ट, खाली ठिसूळ अशी जोडी असली की खालचा थर पोखरला जातो, वरचा छतासारखा पुढे राहतो आणि कपार तयार होते. पावसाचं पाणी घट्ट थराच्या भेगांतून खाली झिरपतं आणि थर बदलतो त्या रेषेवर बाहेर येतं. म्हणून बारमाही पाझर आणि टाकी, म्हणजे कातळात कोरलेले पाण्याचे हौद, बहुतेक या रेषेच्या आसपास भेटतात. जुन्या काळी लेणी कोरणाऱ्यांनीही जागा निवडताना दोन गोष्टी पाहिल्या असणार: खोदायला बरा असा सलग खडक, आणि हाताशी पाणी.

पाचनईची वाट धरलीत तर हे प्रत्यक्ष बघायला मिळतं. चढात एके ठिकाणी वाट एका प्रचंड कातळभिंतीच्या पायथ्याने आडवी जाते. डोक्यावर कातळ पुढे झुकलेला, त्याखाली खोलगट ओसरीसारखी जागा. तिथे दोन मिनिटं थांबा. पायाखालचा खडक आणि डोक्यावरचा खडक हाताने चाचपून पाहा. खालचा भुसभुशीत लागेल, नखाने कण सुटतील, वरचा टणक. भिंतीवर नेचे आणि शेवाळ कुठे उगवलंय तेही बघा. ते सगळीकडे पसरलेलं नसतं, एका आडव्या ओळीत असतं. ती ओळ म्हणजे ओलाव्याची रेषा. एकदा डोळ्यात बसली की समोरच्या डोंगरावरही ती लांबून ओळखू येते.

घरून निघण्याआधी

भारतीय सर्वेक्षण विभागाचे १:५०,००० प्रमाणाचे नकाशे आता संगणकावर मिळतात. या प्रमाणात नकाशावरचा १ सेंटिमीटर म्हणजे जमिनीवरचे ५०० मीटर, आणि समोच्च रेषांमधलं, म्हणजे सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषांमधलं, उभं अंतर २० मीटर. रेषा एकमेकींना चिकटल्या की तिथे कडा समजायचा, दूर दूर गेल्या की पठार. इथे एक गोष्ट नवखे लोक विसरतात. ज्या कातळाच्या पायथ्याशी गुहा आहे तो कातळ १५ मीटरचा असेल, तर तो दोन रेषांच्या मधल्या मध्ये हरवतो, नकाशात उमटतच नाही. म्हणजे नकाशा तुम्हाला डोंगराच्या अंगाखांद्यापर्यंत नेतो. गुहेच्या दारापर्यंत डोळ्यांनीच जायचं असतं.

मोबाइलमध्ये ओपनस्ट्रीटमॅपवर आधारलेलं कुठलंही अॅप घ्या आणि त्या भागाचा नकाशा घरच्या वायफायवर उतरवून ठेवा. पठारावर रेंजचा भरवसा धरू नका. रेंज नसली तरी जीपीएस चालतं, कारण ते थेट उपग्रहांकडून स्थान घेतं; नकाशा मात्र आधीच फोनमध्ये असावा लागतो. आधी जाऊन आलेल्या कुणाची जीपीएक्स फाइल, म्हणजे चाललेल्या वाटेची जीपीएसवरची नोंद, मिळाली तर उत्तम, पण ती कोणत्या महिन्यातली आहे हे विचारून घ्या. डिसेंबरातली सरळ वाट ऑगस्टमध्ये ओढ्याच्या पाण्याखाली असते. आणि कड्याच्या अगदी कुशीत उभं राहिल्यावर अर्धं आकाश झाकलं जातं, त्यामुळे स्थान बरंच इकडेतिकडे दाखवलं जातं. गुहेपाशी पोहोचल्यावर पडद्यावरचा निळा ठिपका कड्याच्या वर दिसला तर गोंधळून जाऊ नका.

साधं होकायंत्र जवळ ठेवाच. बेसाल्टमध्ये लोहखनिज असतं, त्यामुळे ते कातळावर टेकवलं तर काटा भरकटू शकतो. हातात धरून, चार पावलं इकडेतिकडे सरकून पाहा, दोन्हीकडे तीच दिशा आली की विश्वास ठेवा.

बाकी सामान नेहमीचं. माणशी किमान तीन लिटर पाणी, कोरडं खाणं, पूर्ण चार्ज केलेली पॉवर बँक, शिट्टी, पावसाळा नसला तरी एक वारा अडवणारं जाकीट. हेडटॉर्च मात्र प्रत्येकाकडे स्वतंत्र हवी. चार जणांत एक टॉर्च म्हणजे अंधारात तिघे आंधळे.

कुठून चढायचं

मला विचाराल तर पहिल्यांदा पाचनईनेच जा. पुण्या-मुंबईहून राजूरमार्गे पाचनई गाठता येतं आणि गावातून मंदिरापर्यंत साधारण दोन ते अडीच तास लागतात. वाट मळलेली, धोक्याच्या जागी रेलिंग. चढाचा बाऊ नसल्यामुळे पठारावर फिरायला, चुकायला आणि परत वाटेवर यायला दिवस हातात राहतो. नवख्यासाठी हे सगळ्यात मोलाचं.

खिरेश्वरची वाट लांबची. माळशेज घाटाच्या रस्त्यावर खुबी फाट्याला उतरायचं, पिंपळगाव जोगा धरणाच्या बाजूने खिरेश्वर गाठायचं, तिथलं नागेश्वराचं जुनं मंदिर बघायचं आणि तोलार खिंडीत चढायचं. खिंडीत वाघाचं शिल्प कोरलेला दगड आहे. खिंडीतून पलीकडे उतरणारी वाट कोथळे गावाला जाते, गडाची वाट तिथून वर वळते. मग रेलिंग लावलेला कातळटप्पा आणि त्यानंतर टेकड्यांमागून टेकड्या. हा शेवटचा पट्टा फसवा आहे. प्रत्येक टेकडी चढताना वाटतं की पलीकडे मंदिर असणार, आणि पलीकडे दुसरी टेकडी असते. सगळ्या टेकड्या एकसारख्या आणि मध्ये झाडोरा. धुक्यात वाट हरवून, रात्रभर भिजून, थंडीने माणसं दगावल्याच्या घटना याच बाजूला घडल्या आहेत. ही वाट सुंदर आहे, जरूर करा, पण पठाराची ओळख झाल्यावर, आणि सोबत गावातला वाटाड्या घेऊन.

बेलपाड्याहून कोकणकड्याच्या, म्हणजे पठाराच्या पश्चिमेच्या कड्याच्या, बाजूने चढणारी नळीची वाट नवख्यांनी मनातही आणू नये. ती अनुभवी लोकांची, दोर आणि साधनं बाळगणाऱ्यांची वाट आहे.

गावात विचारायचं कसं

कागदावरचा कुठलाही नकाशा गावातल्या माणसाची बरोबरी करत नाही. पण विचारण्याची रीत असते. "बाबा, ही वाट लेण्याला जाते ना?" असं विचारलंत तर उत्तर येणार, "जाते की." तुमचं मन राखायचं म्हणून आलेला तो होकार असतो, शिवाय डोंगरातली कुठलीही वाट फिरून कुठेतरी जातेच. त्याऐवजी विचारा, "बाबा, गणेशलेण्याला जायचं तर कुठनं जाऊ?" मग माणूस स्वतः विचार करून सांगतो. खुणाही विचारा: ओढा किती वेळा ओलांडायचा, कातळ डाव्या हाताला ठेवायचा की उजव्या, फाटा कुठल्या झाडापाशी फुटतो.

अंतर विचारू नका, वेळ विचारा. आणि सांगितलेल्या वेळेच्या दीडपट धरून चाला. डोंगरात वाढलेल्या पायांना जे "हे काय, इथंच" असतं, ते शहरातल्या पायांना पाऊण तास असतं.

आणखी एक प्रश्न विचारण्यासारखा आहे, तो फारसा कुणी विचारत नाही: "मामा, उन्हाळ्यात गुरं पाण्याला कुठं नेता?" या एका प्रश्नाच्या उत्तरात पठारावरचं सगळं बारमाही पाणी मिळतं. पाणी कळलं की थराची रेषा कळली, आणि त्या रेषेवरच्या कपारीही. मुसळधार पावसात गुराखी कुठे आसऱ्याला थांबतात, हेही त्याच बोलण्यात निघतं. एखाद्या मावशींच्या ओसरीवर चहा घेता घेता इतकं कळतं की ते घरी बसून महिनाभर वाचूनही कळलं नसतं.

वाटाड्या मिळत असेल तर घ्या आणि मोबदला आधी ठरवून घ्या. वाटाड्या घेतला म्हणजे शिकणं थांबलं असं मानू नका. फाट्यावर त्याने ही वाट का धरली, ती का सोडली, हे विचारत चला. सांगायला त्यांना आवडतं.

पठारावर पाय ठेवल्यावर

आधी मंदिर गाठा. इतर काहीही करण्याआधी मंदिर, कारण पठारावरची सगळी मोजमापं तिथूनच घ्यायची आहेत. आवारात उभं राहून दिशा पक्क्या करा. दक्षिणेला तारामतीचा उंच माथा. पश्चिमेला चालत गेलं की अर्ध्यापाऊण तासात कोकणकडा. पूर्वेला टेकड्या आणि तोलार खिंडीकडची बाजू. मंदिराजवळून वाहणारा ओढा मंगळगंगेचा, तो तारामतीकडून येतो आणि पाचनईकडे, म्हणजे उत्तरेला उतरतो. एवढं डोळे मिटून सांगता आलं पाहिजे. मोबाइलमध्ये मंदिराच्या जागेवर खूण करून ठेवा.

आता फाटे. पठारावर दर थोड्या अंतराने वाट दुभंगते आणि त्यातल्या बहुतेक ढोरवाटा असतात. ढोरवाट आणि माणसाची वाट यांत फरक कसा करायचा? पायाखाली बघून नेहमी कळत नाही, गुरांच्या खुरांनी वाट जास्तच रुंद आणि ठळक होते. डोळे वर उचला. गुराला माणसाएवढी उंची लागत नाही, म्हणून ढोरवाटेवर कारवीच्या आणि झुडपांच्या फांद्या छातीच्या, तोंडाच्या उंचीवर आडव्या येतात. माणसाच्या वाटेवर त्याच फांद्या मोडलेल्या किंवा कोयत्याने तोडलेल्या दिसतात. चालता चालता वारंवार वाकावं लागायला लागलं की समजा, तुम्ही गुरांच्या मागे निघालात.

उघड्या कातळावर वाट उमटत नाही असं वाटतं, पण उमटते. वर्षानुवर्षं पावलं पडलेल्या पट्ट्यावर दगडफूल आणि शेवाळ टिकत नाही, तो पट्टा आजूबाजूपेक्षा फिकट आणि गुळगुळीत दिसतो. सकाळ-संध्याकाळच्या तिरप्या उन्हात तो चटकन नजरेत भरतो, भर दुपारी नाही. उभ्या जागी असाल तर खोबण्या आणि कातळात कोरलेल्या पायऱ्या शोधा. कोरीव पायरी भेटली तर ती वाट जुनी, आणि ती कुठल्या तरी टाक्याला, लेण्याला किंवा दरवाजाला जात असणार हे बहुधा धरून चालता येतं.

दगडावर रंगवलेले बाण आणि रचलेल्या लगोऱ्या मदत करतात, पण त्यांच्यावर डोळे झाकून विश्वास नको. बाण कुणी कुठल्या वाटेसाठी काढला हे बाण सांगत नाही, आणि लगोऱ्या मुलंही हौसेने रचतात. बाण दिसला की मनातल्या दिशेशी ताडून बघा. जुळला तर पुढे. नवीन लगोऱ्या स्वतः रचू नका, तुमच्या मागून येणाऱ्याचा घोळ होतो.

प्रत्येक फाट्यावर एक काम न चुकता करा: मागे वळून बघा आणि फोटो काढा. परतताना तुम्हाला दिसणार आहे ती हीच बाजू. जातानाची वाट आणि येतानाची वाट यांचं रूप इतकं निराळं असतं की तासाभरापूर्वी पाहिलेली जागा ओळखू येत नाही.

पाच-दहा मिनिटं चालूनही एकही पक्की खूण भेटली नाही, तर थांबा. "थोडं पुढे जाऊन बघू" हा विचार सोडून द्या. शेवटची खात्रीची जागा आठवा आणि तिथपर्यंत परत या. सगळ्यांनी मिळून परत या, एकाने पुढे जाऊन बघायचं आणि बाकीच्यांनी थांबायचं असली विभागणी नको.

आता गुहा, एक एक करून

मंदिराच्या आवारातल्या गुहा शोधाव्या लागत नाहीत. प्राकाराच्या आत आणि मंदिराच्या मागे त्या आहेतच, काहींत थंडगार पाणी भरलेलं आहे. चांगदेवांनी इथे तप केलं असं सांगतात. पूर्वेच्या बाजूला सप्ततीर्थ पुष्करणी, तिच्या काठी कोरलेले कोनाडे. इथे घाई करू नका, कारण इथेच तुम्हाला कोरलेल्या खडकाची ओळख होते. छिन्नीच्या खुणा कशा दिसतात, कोरलेल्या दाराची चौकट किती सरळ असते, पाणी आत येऊ नये म्हणून चर कसा खोदलेला असतो, हे सगळं डोळ्यात साठवा. पुढे लांबून एखादं भोक दिसलं की ते लेणं आहे का नुसती कपार, हे ओळखायला याचाच उपयोग. निसर्गाच्या कपारीत सरळ रेषा नसते.

केदारेश्वराची गुहा मंदिरापासून ओढ्याच्या रोखाने थोडं खाली उतरल्यावर. इथे पाणीच वाट दाखवतं. आत कंबरभर गार पाण्यात मोठं शिवलिंग आहे, भोवती चार खांब होते, त्यातला एकच शाबूत. पावसाळ्यात ओढा फुगला की गुहेपर्यंत जाता येत नाही. प्रयत्नही करू नका. गुडघ्यापर्यंतचं वाहतं पाणीसुद्धा शेवाळलेल्या कातळावर पाय उचलून नेतं. हिवाळ्यात या आणि चपला बाहेर काढून, गप्पा कमी करून आत जा. हे पूजेतलं स्थान आहे.

तारामतीच्या पोटातली लेणी म्हणजे या गडावरचा खरा सराव. मंदिराकडून शिखराकडे बघा. माथ्याच्या खाली उताराला छेदणारी कातळाची आडवी पट्टी दिसेल. तीच आपली रेषा. नवखे थेट माथ्याकडे चढत सुटतात आणि लेणी कुठेतरी खालीच राहतात. तसं न करता वाटेने त्या पट्टीच्या पायथ्यापर्यंत या आणि मग आडवे चाला, उंची न वाढवता, न घटवता. लेणी एकाच थरात, एका ओळीत कोरलेली असतात. एक सापडलं की पुढचं शेजारी असतं. एका लेण्यात गणपतीची साधारण साडेआठ फुटी मूर्ती आहे, म्हणून सगळी रांगच गणेशलेणी म्हणून ओळखली जाते. मंदिरापासून इथवर पाव ते अर्धा तास, आणि लेण्यांपासून तारामतीचा माथा आणखी अर्धा तास. माथ्यावर जायचंच असेल तर लेणी बघून जा, म्हणजे उतरताना दमलेल्या पायांनी ती शोधत बसावं लागत नाही.

आडवं चालणं ऐकायला सोपं आहे, पण पायवाट अरुंद, एका बाजूला कातळ, दुसऱ्या बाजूला गवताचा तीव्र उतार. वाळलेलं गवत ओल्या गवताइतकंच घसरवतं. मुरमाड घसाऱ्यावर पाय सपाट टेकवा, टाच रोवून शरीर मागे टाकू नका. हात कातळाच्या बाजूला मोकळा असू द्या, त्यात मोबाइल नको. कुठे वाट तुटून गेलेली दिसली तर तो टप्पा वरून खालून वळसा घालून गाठायचा नाद सोडा आणि परत फिरा.

नैसर्गिक कपारींची तोंडं शोधताना लांबून बघायच्या खुणा अशा: कातळात एकाकी उंबर किंवा वड रुजलेला, त्याच्या खाली ओलसर काळा ओघळ, छतावर धुराची काजळी, तोंडासमोरचं गवत तुडवून मोकळी झालेली जमीन. काजळी असेल तर माणसं तिथे थांबत होती आणि तिथवर वाट नक्की आहे. काजळी नाही, तुडवलेली जागा नाही, नुसतं काळं भोक दिसतंय, तर ते लांबूनच बघा. तिथे वाट नसते आणि तुम्ही पहिल्यांदा गेलेले असताना ती करायची नसते.

धुकं आणि पाणी

वर म्हटलं की पाणी शोधा. त्याला एक अपवाद आहे आणि तो जिवाशी गाठ घालणारा आहे. वाट हरवल्यावर ओढ्याच्या कडेने खाली उतरू नका. ओढा गावात जातोच, मग त्याच्यामागे गेलं की आपणही गावात, हा हिशोब सपाटीवर चालतो. सह्याद्रीत ओढा पठाराच्या कडेला जातो आणि धबधबा होऊन कोसळतो. वरून येणाऱ्याला शेवटच्या काही पावलांपर्यंत कडा दिसत नाही. कोकणकड्याच्या बाजूला तर खाली शेकडो मीटर मोकळी हवा आहे. ब्रिटिश अधिकारी कर्नल साईक्सला ज्या कड्यावरून इंद्रवज्र, म्हणजे गोल इंद्रधनुष्य, दिसलं तो हाच, आणि इंद्रवज्र दिसायला समोर धुकं असावं लागतं, हे विसरू नका. धुकं दरीतून वर यायला काही मिनिटं पुरतात.

धुकं आलं तर आधी सगळे एकत्र या, शिट्टीच्या खुणा ठरवा, जाकिटं चढवा. मंदिराची दिशा पक्की असेल आणि फोनमधली खूण तेच सांगत असेल तर सावकाश तिकडे निघा. दोन्हींचा मेळ बसत नसेल तर कड्यापासून लांब, वाऱ्याच्या आडोशाला बसून राहा. धुकं उठतं. अंधारात धुक्यातून चालण्यापेक्षा एक रात्र गारठून बसणं परवडतं, फक्त कोरडे कपडे हवेत. भिजलेल्या अंगाला वारा लागला की तापमान फार खाली नसतानाही माणूस गारठून खचतो. बडबड थांबली, बोलणं अडखळायला लागलं, हात थरथरून थरथरायचेच थांबले, तर त्या माणसाला ताबडतोब कोरडं करा, मध्ये घ्या, गोड गरम काही असेल तर द्या.

नवख्यांनी जून ते सप्टेंबर हे महिने पठारावरच्या गुहा शोधण्यासाठी धरूच नयेत. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ बरा. तेव्हा गवत वाळलेलं असतं, वाटा उघड्या पडतात आणि हवा स्वच्छ असते.

गुहेच्या तोंडाशी

आत शिरण्याआधी थांबा, वर बघा. आग्या मोहळ असेल तर आवाज न करता मागे फिरा. मोहळाच्या आसपास धूर, सिगारेट, भडक अत्तर, ड्रोन यांतलं काहीही चालणार नाही. भेगांत, दगडांच्या फटीत हात घालू नका. फुरसं हा विषारी साप दगडाच्याच रंगाचा असतो आणि तिथेच बसतो. आत टॉर्च आधी जमिनीवर, मग भिंतींवर मारा, छतावरच्या वटवाघळांवर रोखून धरू नका. तळाशी पाणी असेल आणि खोली दिसत नसेल तर उतरू नका. टाक्यांमध्ये हातपाय धुवू नका, वरच्या गावकऱ्यांना आणि तुमच्यामागून येणाऱ्याला तेच प्यायचं असतं.

मुक्काम, शेकोटी, तंबू यांचे वनखात्याचे नियम बदलत असतात. चढण्याआधी पाचनईच्या नाक्यावर विचारा आणि सांगतील तसं करा.

परतीची वाट

परतीला निघायची वेळ सकाळीच ठरवून टाका. डिसेंबरात सहाच्या सुमारास सूर्य मावळतो आणि कातळभिंतीच्या आडोशाला त्याच्या आधीच अंधारतं. पाचनईला उतरायचं असेल तर दुपारी साडेतीनपर्यंत मंदिर सोडा, मग एखादं लेणं बघायचं राहिलं तरी चालेल.

निघताना घरी एकाला लेखी कळवून ठेवा: कुठल्या गावातून चढणार, कुठे उतरणार, किती वाजेपर्यंत फोन नाही आला तर मदत मागवायची. आणीबाणीला ११२ आहे. डोंगरातल्या शोधमोहिमांसाठी महाराष्ट्र माउंटेनिअर्स रेस्क्यू को-ऑर्डिनेशन सेंटरची मदतवाहिनी आहे, तिचा क्रमांक आधीच फोनमध्ये घालून ठेवा. मदत मागताना अक्षांश-रेखांश सांगता यायला हवेत. अॅपमध्ये ते कुठे दिसतात हे घरीच बघून घ्या. आणि पाचनईत ज्या घरी सकाळी गाडी लावली, चहा घेतला, त्यांना उतरल्यावर "आम्ही आलो हो" एवढं सांगूनच गाडी काढा. न सांगता गेलात तर त्या घरातली माणसं रात्री टॉर्च घेऊन तुम्हाला शोधायला वर चढतात.